मावशींचे ठिपके

आलेख एकच होता आणि त्यात तीन रंग होते. निळे ठिपके डॉक्टरांचे, हिरवे नर्सचे आणि लाल मावशींचे. मावशी म्हणजे झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बायका. अख्खं रुग्णालय त्यांना मावशीच म्हणे. विश्वस्तांच्या बैठकीआधी ते लाल काढून टाका, असं अधीक्षकांनी रुग्णालयाची आकडेवारी सांभाळणाऱ्या आकडेबाईंना जिन्यातच गाठून सांगितलं.

वापरलेल्या सुईला टोपण लावत बसायचं नाही, तशीच पिशवीत टाकायची, अशी नवी पद्धत आली होती. काही वॉर्डांत आधी, काहींत नंतर. बाईंनी प्रत्येक वॉर्डाचा सुरुवातीचा महिना एकाखाली एक आणला, त्याच्या आदल्या महिन्याला शून्य धरलं आणि पुढे कोणाला सुया किती जास्त-कमी टोचल्या ते मांडलं. निळे, हिरवे शून्याच्या जरा खाली उतरले होते. लाल चढतच गेले होते. पिशव्या मावशी उचलत.

अधीक्षकांचं म्हणणं, त्या लालसाठी आलेख इतका उंच करावा लागतो की बाकीचे दोन चपटे दिसतात. आपण काय कमावलं ते कोणाला कळणार?

"आणि ठिपक्यांवरच्या त्या उभ्या रेघा बघा केवढ्या लांब," ते म्हणाले. "म्हणजे तुमचीच खात्री नाही."

"मावशी संख्येने थोड्या, म्हणून रेघ लांब, सर. पण तिचं खालचं टोकसुद्धा शून्याच्या वर आहे, म्हणजे वाढ खरीच आहे."

"बाई, मला शिकवू नका. काढवत नसेल तर निदान आलेखाची उंची कमी करा, लाल वरून कापले जाऊ देत."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज विश्वस्तांनी होकार दिला की हीच पद्धत उरलेल्या सगळ्या वॉर्डांत जाणार होती. सकाळीच बाईंनी एक मावशी रक्त तपासायच्या रांगेत बसलेली पाहिली होती, बोटाला कापूस दाबून. पण भांडायला गेलं की बाईंची जीभ जड व्हायची. त्यांनी उंची कमी केली. सांगितली तेवढीच.

बैठकीच्या खोलीत पडदा नव्हता, प्रोजेक्टरचं चित्र भिंतीवरच पडायचं. निळे, हिरवे ठिपके ऐटीत खाली उतरले. विश्वस्तांनी माना डोलावल्या. मग त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा सावरत विचारलं, वरच्या काठाशी एक लाल दिसतोय, तो पुढे कुठे गेला?

ते किरकोळ आहे, असं अधीक्षक म्हणाले.

आकडेबाईंनी खुर्ची भिंतीपाशी ओढली, फळ्यावरचा लाल पेन उचलला आणि वर चढल्या. चित्र संपत होतं तिथून पुढे, कोऱ्या भिंतीवर, त्या ठिपके काढत गेल्या. प्रत्येक महिन्याचा एक, प्रत्येकाला त्याची उभी रेघ. एकही ठिपका जागा सोडत नव्हता. शेवटच्यासाठी त्यांना टाचा उंच कराव्या लागल्या.

अधीक्षकांनी त्यांना खाली उतरायला सांगितलं. त्या उतरेनात, तेव्हा त्यांनी प्रोजेक्टरच बंद केला. निळे गेले, हिरवे गेले, शून्याची रेघ गेली. भिंतीवर लाल तेवढे राहिले.

अधीक्षकांनी दाराकडे पाहिलं.

"जरा मावशींना बोलवा कोणीतरी," ते म्हणाले. "हे पुसून घ्यायचंय."