तांब्याला टेकवलेला मोबाइल

बेंगळुरूची नोकरी सोडून विशाखा पुंडलिकनगरच्या घरी आली, त्याला आज चौथा दिवस. पहिल्याच दिवशी अण्णांनी विचारलं होतं, “एवढा पगार सोडला कशापायी?” “रोज तुमच्यासोबत जेवायचंय,” ती म्हणाली. तेव्हापासून अण्णा तिच्याशी बोलले नव्हते. नऊ वर्षं ती रोज साडेआठला व्हिडिओ कॉल करायची. आई पाण्याचा तांब्या ताटांपुढं ठेवून त्याला मोबाइल टेकवायची आणि तिघं सोबत जेवायची. मीटिंग लागली की लेक ताटावरून उठायची. आज ती समोर बसलेली असतानाही आईनं सवयीनं मोबाइल तांब्याला टेकवला. चूक लक्षात आल्यावर आई तो उचलायला गेली, पण अण्णांनी हातानंच थांबवलं. काळ्या स्क्रीनकडं बघत त्यांनी विचारलं, “बसलीस का जेवायला?” “बसले, अण्णा,” विशाखा म्हणाली. “ठेचा घे मग,” ते मोबाइलला म्हणाले आणि त्यांनी वाटी तिच्याकडं सरकवली.