नमुन्याचं पाणी

सहाही बाटल्या लख्ख होत्या. ओसरीतल्या बाजेजवळ ओळीनं उभ्या, आतून-बाहेरून घासलेल्या, काठोकाठ भरलेल्या. रंजिता बॅग भरायला आली आणि त्यांच्याकडे पाहून जागीच थबकली. काल संध्याकाळी तिनं ठेवल्या तेव्हा त्यातल्या चारींच्या तळाला बोटभर लाल गाळ होता.

"माय, या बाटल्यातल्या पाण्याचं का झालं?"

लीलाबाई चुलीपुढून उठून पदराला हात पुसत बाहेर आली. मोठं काम उरकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"सांडून देल्लं ना सारं. किती घाण होतं वं! बाटल्याबी राखेनं घासल्या."

"त्यात अॅसिडचे थेंब टाकले होते माय! हाताले लागलं काय?"

"जरासं चरचरलं. मी म्हटलं, राखेचंच असंन."

रंजितानं तिचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. दोन बोटं किंचित लाल होती, बाकी काही नव्हतं. तिला हायसं वाटलं, आणि लगेच रडू फुटायची वेळ आली.

नागपूरच्या कॉलेजात ती खाणकाम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रकल्पाचा विषय तिनं स्वतः हट्टानं घेतला होता. गावाजवळच्या खाणीत लोखंडाचा दगड धुतात, ते लाल पाणी एका तळ्यात सोडतात. ते झिरपून पिण्याच्या पाण्यात येतं का, हे शोधायचं. त्यासाठी सहा ठिकाणचे सहा नमुने. खाणीच्या तळ्याचा नमुना तर मोठ्या मिनतवारीनं मिळाला होता. परवा फाटकावर ओळखीच्या दुधरामकाकाची ड्यूटी होती म्हणून तिला आत जाता आलं. आज तिथं दुसराच माणूस होता, आणि तो कुणाला उभं करत नसे. प्रयोगशाळेतल्या मशीनवर तिचा नंबर उद्या अकराला. तो चुकला की महिनाभर नंबर नाही, आणि सबमिशन पंधरा दिवसांवर. सरांनी स्पष्ट बजावलं होतं, नमुने नाहीत तर प्रकल्प नाही, आणि प्रकल्प नाही तर वर्ष गेलं. गोंदियाहून अडीचची गाडी होती, गोंदियाला पोचायलाच दीड तास लागायचा. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

काल मायनं विचारलं होतं तेव्हा रंजितानं घाईघाईत एवढंच सांगितलं होतं, की आपल्या गावचं पाणी सरांसाठी नेतेय. आता तिला स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली.

"मग यात भरलेलं कुठलं हाय?"

"शाळेच्या विहिरीचं. दोन खेपा गेली मी. लुगड्याच्या तीन पदरानं गाळलं." लीलाबाईचा आवाज अभिमानानं भरून आला. "चिठ्ठ्या निंगाल्या होत्या, त्या भाताच्या शितानं चिपकवल्या. पाय, एकबी वाकडी नाही."

चिठ्ठ्या वाकड्या नव्हत्याच. दोन उलट्या होत्या, कारण लीलाबाईला अक्षरओळख नव्हती. खाणीच्या तळ्याचं नाव डोक्यावर उभं राहून रंजिताकडे पाहत होतं.

ती बाजेवर बसली. नको तो विचार मनात आला आणि आला तो जाईना. याच न्याव्यात. चिठ्ठ्या आहेत, पाणी आहे, मशीनला काय कळतंय? आकडे येतील, सरांची सही होईल, वर्ष वाचेल. पण मग तिच्याच नावाच्या कागदावर लिहिलेलं राहील, की या गावचं पाणी उत्तम आहे आणि खाणीचं तळंसुद्धा निर्मळ आहे. असला कागद खाणवाले चौकटीत घालून लावतील. तोही गावातल्याच पोरीनं घरपोच आणून दिलेला. तिला लाज वाटली. पण लाजेपेक्षा वर्षाची भीती मोठी होती, हेही खरं.

तिनं बोटांवर मोजलं. घरची बोरिंग, विहाराजवळची बोरिंग, नाला, दोन विहिरी. धावतपळत गेलं तर तासाभरात पाच होतील. तळं होणार नाही. नमुने टिकवायच्या अॅसिडची शिशी बॅगेत शिल्लक होती. सहाच्या जागी पाच नमुने घेऊन सरांपुढे उभं राहायचं, आणि त्यांनी सहावा मागितला की मान खाली घालून खरं ते सांगायचं. पुढे सर काय करतील याचा काही नेम नव्हता. ती उठली.

अंगणातल्या बोरिंगपाशी जाऊन तिनं पहिल्या बाटलीतलं पाणी ओतून दिलं आणि दांडा हलवला. पाणी आलं ते रोजच्यासारखंच, विटकरी. दोन बाटल्या रिकाम्या झाल्या. तिसरीला हात घातला तशी लीलाबाई धावत आली आणि तिनं बाटलीचं तोंड घट्ट धरलं.

"अवं, काऊन सांडून राहिली? डोस्कं फिरलं का तुयं? तिथं मोठमोठे सर लोक राहतेत. त्यायच्यापुढं असं पाणी ठेवशीन?"

"माय, हेच तर दाखवाचं हाय त्यायले. आपण रोज हेच पितो ना?"

लीलाबाईनं बाटली सोडली नाही.

"आपण पितो वं," ती हळूच म्हणाली. "पाहुण्याले देतो का कधी?"