अडलेलं वाक्य

ऑपरेशननंतरची फादरांची ही पहिलीच मिस्सा-उपासना. चर्चमागच्या खोलीत झगा चढवताना थोरल्या बहिणीने दम भरला, "उगाच लांबण लावू नकोस. माझी किडनी आहे आत, जपून वापर."

"तू घरी पडून राहायचं होतंस, ताई."

"गप रे. मोठा आलाय शहाणा."

वेदीवरची भाकर दोन्ही हातांत उचलून फादर येशूचे शब्द म्हणू लागले, "हे माझं शरीर आहे, तुमच्यासाठी..." आणि अडले. समोर सगळे गुडघे टेकून होते. एकटी ताई बाकावर बसून होती, कुशीतल्या टाक्यांवर हात दाबून. म्हाताऱ्या सेवकाने लगबगीने पुस्तक पुढे सरकवलं, ओळीवर बोट ठेवलं. फादरांनी वाक्य पुरं केलं, "...दिलेलं."

मिस्सा संपताच ताईने त्यांना दारातच गाठलं. "तीस वर्षं रोज म्हणतोस, आणि नेमका आज विसरलास?"

फादरांनी तिचा हात धरला, मघाशी भाकर धरली होती तसाच, दोन्ही हातांत.

"विसरलो नाही गं. तीस वर्षं नुसतं पाठ होतं."