प्रस्तावकांचं उत्तर

"आज पेढे तुमच्याकडून, दीदी!" शेजारच्या खुर्चीतले नेपाळी शास्त्रज्ञ हसले.

सीमेपलीकडे वीज कडाडली की अलीकडच्या हवामान केंद्राला तत्काळ कळावं, म्हणजे शेतातली माणसं वेळेत घर गाठतील, हा प्रस्ताव हेमांगीने वर्षानुवर्षं रेटला होता. आज शेजारी देशांच्या विज्ञान समितीची संमती तेवढी उरली होती. पण सकाळीच तिला वरून निरोप आला होता, आपल्याकडच्या विजांच्या नोंदी शेजाऱ्यांना द्यायच्या नाहीत. एका देशाने नकार दिला तरी प्रस्ताव बारगळतो, आणि देशातर्फे बोलणारी तीच होती.

"आमच्या देशाची हरकत आहे," ती म्हणाली. शेजारच्या नेपाळी शास्त्रज्ञांनी तिच्याकडे मान वळवली नाही.

"हरकतीला प्रस्तावकांनी उत्तर द्यायचं असतं," अध्यक्ष अवघडून म्हणाले. "बोला, डॉक्टर हेमांगी."

उत्तर तिला तोंडपाठ होतं.

"काही म्हणायचं नाही," ती म्हणाली आणि तिने माइक बंद केला.