तळाचा गाळ

टाकीतला द्राक्षरस ढिम्म पडून होता. मंदाकिनी निमसे रोज टाकीला कान लावी, पण आतून हूं की चूं नाही.

"आई, आता कंपनीची यीस्ट पावडर मागवू या," मुलगा शेखर म्हणाला.

काही वर्षांपूर्वी पिकांवरचे रोग मारायला सरकारने देशभर औषधी धुकं सोडलं, तेव्हा रस आंबवणारं हवेतलं यीस्टही मेलं. खाली मैदानात पावाची कणीकसुद्धा पावडरीशिवाय फुगत नव्हती. इथे पहाडात, स्पितीच्या उंचीवरचे मळे तेवढे वाचले होते. यंदा वाऱ्याने धुकं इथंही आणलं.

"पावडरच घालायची, तर मामंजींनी दिंडोरीच्या उन्हातून वेली इथवर कशाला आणल्या?" म्हणत ती तळघरात गेली. मामंजी वाइन कधी गाळत नसत. तळाचा गाळ बघून गिऱ्हाइकं नाकं मुरडत. त्यांच्या पहिल्या सालची उरलेली एकुलती बाटली तिने गाळासकट टाकीत ओतली.

"आई! आजोबांची आठवण होती ती!"

"आठवण कसली? विरजण आहे ते."

दोन दिवसांनी टाकी बुडबुडू लागली. तिसऱ्या दिवशी फाटकाशी शेजारच्या मळ्याचे थेटे रिकामी वाटी घेऊन उभे. त्यांची वाइन गाळून आरशासारखी नितळ केलेली, त्यामुळे त्यांच्या बाटल्यांत जिवंत काहीच उरलं नव्हतं.

"यांना कशाला द्यायचं?" शेखर कुजबुजला. "आपल्या गाळाला हसत होते ना!"

मंदाकिनीने टाकीतल्या बुडबुडत्या रसाने वाटी काठोकाठ भरली.

"विरजणाला नाही म्हणत नाहीत रे. आणि थेटे, खालच्या बेकरीवाल्यांनाही कळवा. म्हणावं, वाटी घेऊन या."