बूट घासण्याचं घमेलं

फाटकाशी जंतुनाशकाच्या पाण्याचं घमेलं, शेजारी ब्रश. बूट घासायचे, मगच रास्पबेरीच्या ओळींत पाऊल टाकायचं. धाकट्या जावेचा नियम. सासूबाईंनाही सूट नाही.

थोरलीने घमेल्याकडे पाहिलं. आणि ते ओलांडलं.

"जाऊबाई, बूट!" धाकटी लांबून ओरडली.

"घासले गं!"

पहिली ओळ. पानं हिरवीगार. थोरलीच्या बुटांना तिच्या स्वतःच्या मळ्यातला चिखल. सकाळीच तिने शेवटची झुडपं उपटली होती. मुळं काळी, चिमटीत धरली की साल सुटून हातात. मूळकूज, चिखलातून पसरणारा रोग. पाणी तुंबलं आणि सगळा मळा गेला.

दुसरी ओळ. इथे पाणी तुंबतच नाही. उंच गादीवाफे, मधून चर. सासूबाई फळं तोडत होत्या. "बघितलंस? हिचा हात लागला तर वाळकी काठीसुद्धा फुटेल."

"हो ना," थोरली हसली. गेल्या वर्षी हेच त्या थोरलीला म्हणाल्या होत्या.

तिसरी ओळ. ही तिने पाहिलीच नाही.

शेवटची ओळ. नवा वाफा, वीतभर रोपं. कोवळी, टवटवीत. आजूबाजूला कुणी नव्हतं. थोरली वाफ्यावर चढली. एक टाच मातीत घासली. मग दुसरी. सावकाश, चिखल पूर्ण सुटेपर्यंत.

"सापडला वाटतं तुम्हाला!" धाकटी हात पुसत आली. "मी दाखवणारच होते."

"काय?"

"हा वाफा. तुमचा आहे. तुमच्या जमिनीत आता काही वर्षं रास्पबेरी लावता यायची नाही. तोवर इथे करा. रोपं खात्रीची आणलीत, मुळं एकेक तपासून. आईंना विचारलंय मी."

थोरलीने रोपांकडे पाहिलं. मग धाकटीच्या तोंडाकडे. हेही हिलाच सुचायचं होतं.

"बोला की काहीतरी! आवडलं नाही का?"

"आवडलं."

"मग जरा सरका ना जाऊबाई. एक रोप दबतंय तुमच्या पायाखाली."

थोरली जागची हलली नाही.