डेमोची तारीख

"डिस्कच नाही दिसत," यास्मिन म्हणाली.

नानासाहेबांनी घड्याळात पाहिलं. सकाळपासून हे त्यांचं विसावं-पंचविसावं पाहणं असेल. वाळूजच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनला प्रोग्राम पाठवणारा जुना लॅपटॉप काल बंद पडला होता. आजकालच्या लॅपटॉपला मशीनची जाड केबल बसत नव्हती, म्हणून यातच नवी एसएसडी डिस्क टाकायचं ठरलं आणि उस्मानपुऱ्यात दुरुस्तीचं दुकान असलेली यास्मिन पिशवी घेऊन आली. बाहेर टेम्पो उभा होता. दोनशे ब्रॅकेटांपैकी चाळीस बाकी होते आणि माल घेणाऱ्या कंपनीचं गेट पाचला बंद होणार होतं. आज माल चुकला तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला, असं तिकडच्या साहेबानं फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

"नवी कोरी डिस्क आन् दिसत नाय म्हणजे?"

"नवी पातळ आहे ना, नानासाहेब. जुन्या खाचेत ढिली बसतीय." तिनं काडेपेटीचा पुठ्ठा फाडला, घडी करून डिस्कखाली सारला आणि झाकण दाबून बसवलं. स्क्रीनवर डिस्क दिसली.

नानासाहेबांना एवढा आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. विंडोज चढेपर्यंत त्यांचे स्वतःचे तीन कप झाले. मशीनचं सॉफ्टवेअर आणि सगळे प्रोग्राम मशीन चालवणाऱ्या रामकिसननं काम सोडून जाताना ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर नीट मिळाले. यास्मिननं ते चढवून सुरू केलं, तर पडद्यावर लाल चौकट आली.

"हे डेमोचं लायसन्स आहे," ती वाचत म्हणाली. "मशीन चालवून दाखवण्यापुरतं, एकाच दिवसाचं. तुम्ही सॉफ्टवेअर विकत नाही घेतलं?"

"चालत होतं की. कशाला घ्यायचं?"

"चालत कसं होतं? रोज सकाळी कोणीतरी लॅपटॉपची तारीख मागं नेत असणार. बरोबर त्या डेमोच्या दिवसावर."

कोणीतरी म्हणजे रामकिसन. सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळायचा आणि मग लॅपटॉपवर खटखट काहीतरी करायचा. काय करतो, हे नानासाहेबांनी कधी विचारलं नव्हतं. मागच्या महिन्यात तो अर्धा तास उशिरा आला, नानासाहेब चारचौघांत नको ते बोलले, आणि त्यानं डबा उचलला तो उचललाच. तेव्हापासून लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर रात्रंदिवस सुरूच ठेवलं होतं, म्हणून तारखेचं काही कळलंच नव्हतं.

"तारीख बदलून तीनदाच बघता येईल," यास्मिन म्हणाली. "तिसऱ्यांदा चुकलं तर कुलूप. मग खुदा हाफिज."

मशीनला ठोकलेल्या पट्टीवर मशीन बनल्याची तारीख होती, जून २०१६ ची. यास्मिन "थांबा थांबा" म्हणेपर्यंत नानासाहेबांनी ती स्वतःच टाइप केली. एक संधी गेली.

मग ते डोळे मिटून आठवू लागले. "श्रावण व्हता. डेमोवाल्या इंजिनिअरला मटण पाहिजे व्हतं, अन् आमच्याकडं भगर. तोंड वाकडं करून जेवला. भगर म्हणजे सोमवारच!"

यास्मिननं मोबाइलवर त्या वर्षीचा श्रावण काढला. पंधरा ऑगस्टच्या सोमवारी सुट्टी, म्हणून त्याच्या आधीचा सोमवार घातला. लाल चौकट पुन्हा आली.

सव्वातीन झाले होते. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. नानासाहेब दारापर्यंत गेले, परत आले, मशीनवर उगाच हात फिरवला.

"त्याला फोन लावा ना," यास्मिन म्हणाली.

"मी लावू? तो गेला सोडून!"

"मग टेम्पो परत पाठवा."

त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बोला मालक," रामकिसनचा आवाज आला. मागं दुसऱ्याच कुठल्यातरी कारखान्याचा आवाज होता.

"ती डेमोची तारीख कोणती रं?" नमस्कार नाही, कसा आहेस नाही.

"सतरा ऑगस्ट दोन हजार सोळा." त्यानं क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

"पक्की का? चुकली तर मशीन बसंल माझी. आन् श्रावणी सोमवार व्हता ना?"

"बुधवार व्हता, मालक. भगर सोमवारची, मशीन बसवली तवाची. दुसऱ्या दिवशी राखी. पक्की हाय, घाला. डेमो पास झाला म्हणून तुम्ही पेढे वाटले. माझ्या खांद्यावर हात ठिवून समद्यांसमोर म्हणले, रामकिसन, येत्या दिवाळीला तुला परमनंट करतो."

यास्मिननं मान खाली घालून आकडे टाइप केले आणि बटण दाबलं. चौकट हिरवी झाली. मशीन घरघरली, पहिल्या ब्रॅकेटवर ड्रिल उतरलं.

आता फोन ठेवता आला असता. नानासाहेबांनी ठेवला नाही. त्यांना लाज वाटत होती, आणि ती कुठं ठेवावी ते कळत नव्हतं.

"नऊ वर्षं झाली रं त्याला," ते कसेबसे म्हणाले.

"बाहेर झाली, मालक," रामकिसन म्हणाला. "त्या लॅपटॉपमधी अजून दिवाळी यायचीय."